आजीच्या ओसरीवरची मंडळी

आमच्या मंडळीत आता 'सेल ग्रुप' सुरू झाले आहेत. तरुण पाळक सोलच्या डेव्हिड योंगी चो यांची हकीकत सांगतात: 1964 साली कामाच्या भाराने ते कोसळले, मग घरोघरच्या गटांची जबाबदारी त्यांनी बायकांवर सोपवली आणि त्यातून प्रचंड मंडळी उभी राहिली. हकीकत खरी आहे. पण आमच्या दारव्ह्यात ही पद्धत नवी म्हणून सांगितली की मला राहवत नाही. माझी आजी हेच करत होती, आणि तिच्याही आधीपासून ते चालत आलं होतं.

आमचं मिशन फ्री मेथडिस्ट. अमेरिकेत 1860 साली हे चर्च वेगळं निघालं, ते गुलामगिरीला आणि चर्चमधली बाकं भाड्याने देण्याला विरोध करत. पैसेवाल्याने पुढे बसायचं नि गरिबाने मागे, हे त्यांना मान्य नव्हतं. त्या चर्चचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड 1881 साली हिंदुस्थानात आले. पुढे यवतमाळ हे कामाचं केंद्र झालं. जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. 1905 नंतर यवतमाळ हे नाव लागलं. माझी पणजी 1900 च्या दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या आसऱ्याला आलेली.

गटांची रीत मात्र त्याहून जुनी. 1742 साली ब्रिस्टलच्या मेथडिस्टांवर सभागृहाचं कर्ज होतं. फॉय नावाच्या कप्तानाने सुचवलं, बारा-बारा जणांचे गट करा, दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करा. सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर मी भरीन. पेनी मागायला घरोघर गेलेल्यांना कोण आजारी, कोण दारूत बुडालेला, कोणाच्या घरात भांडण, हे कळू लागलं. मेथडिस्टांचा पुढारी जॉन वेस्ली याने त्याचं मोल ओळखलं. पुढे तो गटच एकत्र बसू लागला, आणि त्यालाच क्लास मीटिंग म्हणत.

आमच्या कापसाच्या मुलखात ही रीत बरोबर बसली. वेचणीच्या दिवसांत मजुराला रविवार कुठला? पाळक एक आणि गावं अनेक. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वेने पाळकसाहेब येत, तेव्हा प्रभुभोजन होई. एरवीची मंडळी आजीच्या ओसरीवर.

रात्री भाकरी आटोपल्या की बायका यायच्या, मागून पुरुष. कंदील, टाळ, ढोलकी. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ, कारण पुस्तक वाचता येणारं क्वचितच कोणी. मग आजी एकेकाला विचारायची, आठवडा कसा गेला. उपदेश नाही. कर्ज, दारू, सासुरवास, सगळं तिथे बोललं जाई आणि ओसरीबाहेर जात नसे. दळायला बसण्याआधी काढून ठेवलेली मूठ-मूठ ज्वारी प्रत्येकीने आणलेली असे; ती एका टोपलीत पडे. एकीचा नवरा मजुरीचे पैसे दारूत उडवायचा. उठताना आजी ती टोपली तिच्याच पदरात ओतायची, आणि कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. जी आली नाही तिच्या दारात आजी दुसऱ्या दिवशी उभी: "काऊन आली नाहीस वं?"

पुढे शिकलेले पाळक मिळू लागले. 1953 साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. 1983 साली ती पुण्याला गेली. शिक्षणाचं मला मोल आहे, मी स्वतः शाळेत शिकवलं. पण त्याच काळात आमच्याकडची घरप्रार्थना प्रसंगाची होऊन बसली. वाढदिवस, गृहप्रवेश, वर्षश्राद्धासारखी स्मरणसभा. पाळकांचा संदेश, चहा-चिवडा, आणि सगळे घरी. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. ज्याच्या घरी चहाची सोय नाही, त्याच्याकडे प्रार्थना ठरतच नाही. बाकांचं भाडं आम्ही असं दुसऱ्या वाटेने परत आणलं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सेल ग्रुपचा मला मनापासून आनंद आहे. पाळकांकडे मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. गट वस्तीप्रमाणे पाडा, नोकरी-शिक्षण पाहून पाडू नका. आणि निदान दोन गट शेतमजुरी करणाऱ्या बायकांकडे द्या. छापील धडा त्यांना वाचता आला नाही तरी चालेल. पहिली मागणी त्यांनी मान्य केली आहे. दुसरीसाठी मी पुढच्या सभेत पुन्हा उभी राहणार आहे.