धाव आणि लगाम



गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी शेवगांवीं मला भेटावयास आला. पुण्यास नोकरी करून त्यानें दोन माणसांपुरती, बुटकी व वेगवान अशी एक वापरलेली क्रीडामोटार विकत घेतली आहे, आणि हौशी लोकांच्या शर्यतींत उतरण्याचा त्याचा मनोदय आहे. "सर, आधीं एंजिनाची ताकद वाढवून घेतों, टायर आणि ब्रेक मागाहून पाहूं," असें तो म्हणाला. मी शाळेंत इतिहास शिकवीत असें. यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. तथापि हा क्रम उलटा आहे असें इतिहासच सांगतो. त्याला जें सांगितलें तेंच आज आपणांपुढें मांडतों.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवितात त्या लोखंडी पट्टीस आपण ‘धाव’ म्हणतों. विस्तवांत तापवून ती चाकावर चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचें. थंड होतांना ती आकसून सारें चाक घट्ट आवळून धरी. अशी धाव वर्षानुवर्षें टिके, पण दगडी उतारावर ती घसरे, आणि मग गाडीवानास चाकावर लाकूड दाबून धरावें लागे. इंग्लंडांत डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखांतील गाडीवान त्याच कामीं जुन्या बुटांचें चामडें वापरीत. तें पाहून हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ सालीं ब्रेकासाठीं अधिक टिकाऊ अस्तर बनविण्याचा उद्योग आरंभिला. मोटारीच्या ब्रेकाची वंशावळ अशी जुन्या जोड्यापर्यंत जाऊन भिडते.

टायराची कथाहि अशीच साधी आहे. रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालींच हवेच्या टायराचें पेटंट घेतलें होतें. पण तें विस्मृतींत गेलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति पुन्हां शोधून काढली. १८९५ सालीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेचे टायर घातलेली मोटार उतरविली. वाटेंत टायर वारंवार फुटले व बक्षीस मिळालें नाहीं. परंतु मोटार हवेवर धांवूं शकते हें जगास दिसलें.

आतां चाक रस्त्यास धरूं लागलें, वेग वाढला, आणि थांबण्याचा प्रश्न उभा राहिला. आरंभींच्या मोटारींना ब्रेक बहुधा मागील चाकांनाच असत. पुढील चाकें अडविलीं तर गाडी भरकटेल असें भय वाटे. वस्तुतः गाडी थांबतांना तिचा भार पुढें झुकतो, म्हणून पुढील ब्रेकांवरच अधिक काम पडतें. १९२१ सालीं फ्रान्सच्या ग्रां प्रीमध्यें चारी चाकांना द्रवाच्या दाबाचे ब्रेक असलेली ड्यूसेनबर्ग मोटार जिंकली, आणि त्या शंकेचा जोर ओसरला. १९२४ च्या बुगाटी मोटारींत तर चाक व ब्रेकाचा ड्रम हीं एकत्रच ओतलेलीं होतीं. आपल्याकडे जे. आर. डी. टाटा यांनाहि तारुण्यांत बुगाटीचा नाद होता.

ड्रमाचा दोष असा कीं उष्णता आंत कोंडते, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. तबकडीच्या ब्रेकाचें पेटंट लँचेस्टर यांनीं १९०२ सालींच घेतलें होतें. पण त्याची खरी कसोटी लागली १९५३ सालीं, ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत. तबकडीचे ब्रेक असलेली जॅग्वार तेथें पहिली आली, आणि त्या शर्यतीची सरासरी प्रथमच ताशीं १०० मैलांवर गेली. ते ब्रेक डनलॉप कंपनीचे होते! टायर व ब्रेक यांचें नातें दाखविण्यास याहून बोलका दाखला कोणता?

यांतून हौशी माणसानें काय घ्यावें? ब्रेक थांबवितो तो चाकाला. गाडीला थांबवितो तो टायर. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर जमिनीस टेकलेला असतो. तेव्हां टायर प्रथम निवडावा, आणि त्याची पकड पेलेल असा ब्रेक मागून. मऊ रबर अधिक धरतें, पण लवकर झिजतें. नक्षी नसलेला गुळगुळीत टायर कोरड्या मार्गावर उत्तम, पावसांत मात्र घातकी. वापरलेल्या गाडीचे टायर दिसावयास नवे असले तरी बाजूवरील चार आंकडे वाचावे. त्यांत घडणीचा आठवडा व वर्ष दिलेलें असतें. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकाला गिळावी लागणारी उष्णता चौपट होते, हें विसरूं नये. ब्रेकाचा द्रवहि हवेंतील ओल शोषतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तोच १५५ पर्यंत उतरूं शकतो. द्रव उकळला कीं वाफ दबते, पायाखालचा दांडा खालीं जातो, आणि गाडी जात राहते. म्हणून शर्यतीपूर्वीं द्रव बदलावा, व पॅड अधिक उष्णता सोसणारे घ्यावे.

हें सारें ऐकून तो म्हणाला, "मग करंजीच्या घाटांत एकदां पारखून पाहतों." तेव्हां मात्र मीं त्याला जरा कठोरपणें अडविलें. त्या घाटांत उंसाच्या गाड्या असतात, एस. टी. असते, दुचाकीवरून सबंध कुटुंब चाललेलें असतें. चांचणीची जागा बंदिस्त मार्गावरच. आपल्या नगरास सैन्याच्या वाहनांची परीक्षा घेणारी सरकारी संस्था १९४७ पासून आहे. तिनेंहि या कामासाठीं वेगळे मार्ग बांधले आहेत. जाणत्यांची ही रीत असेल, तर नवशिक्यानें ती कां मोडावी?

तो कांहीं बोलला नाहीं. परवां त्याचें पत्र आलें. एंजिनाचे पैसे त्यानें टायर आणि ब्रेकांवर खर्च केले आहेत, आणि पहिला सराव बंदिस्त मार्गावर करणार आहे. शिक्षकास याहून मोठी दक्षिणा ती कोणती?