सेंद्रिय, निरिंद्रिय आणि शब्दांचे आयुष्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी मराठीत रसायनशास्त्राचे ग्रंथ लिहिले. परिभाषा घडवू पाहणाऱ्यांपुढचा प्रश्न तेव्हापासून एकच आहे: मूलद्रव्यांना अर्थवाही नावे द्यावीत, की परकी नावे जशीच्या तशी घ्यावीत?

अर्थाचा भरवसा युरोपातही टिकला नाही. लाव्हाझिएने 'ऑक्सिजन' हे नाव 'आम्लजनक' या अर्थाने दिले. १८१० मध्ये डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. ऑक्सिजनविरहित आम्ले असतात हे त्यातून उघड झाले. अर्थ गेला, नाव राहिले. १८२८ मध्ये व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि सेंद्रिय-निरिंद्रिय यांतली भिंत खचली. जोडशब्द मात्र आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

२०१२ मध्ये वेळणेश्वरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयातले रसायनशास्त्र इंग्रजीत चालते: नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. पण खताविषयीच्या मराठी बोलण्या-लिहिण्यात हीच द्रव्ये नत्र, स्फुरद, पालाश म्हणून सुखेनैव नांदतात. वर्गात सेंद्रिय ठरणारा युरिया बांधावर 'रासायनिक' होतो, आणि 'सेंद्रिय' म्हणजे शेणखत!

म्हणजे पारिभाषिक शब्द मराठीला पेलले नाहीत, ही तक्रार खरी नव्हे. शेतीने ते पेलले. उच्चशिक्षणाने त्यांना वापरातच ठेवले नाही. शब्दाला आयुष्य देतो तो कोशकार नव्हे. ज्याचे काम त्या शब्दावाचून अडते, तो.