अर्धवट सावलीतील कमाल शक्तिबिंदू

सिद्धगड सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या पश्चिमेला, कोकणच्या अंगाला असल्याने पायथ्याच्या गावांत ऊन उशिरा उतरते. कड्याची सावली छपरावरची सगळी सौर पॅनेल एकदम झाकते. तिचा प्रश्न साधा. खरी अडचण कौलांवर झुकलेल्या आंब्याच्या फांदीची, कारण ती एखादेच पॅनेल झाकते.

एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या पॅनेलांतून सारखाच प्रवाह वाहतो. समजा, प्रत्येकी ३० व्होल्ट, ८ अँपिअरची तीन पॅनेल आहेत आणि सावलीतले पॅनेल जेमतेम ३ अँपिअर देते. इन्व्हर्टरने ३ अँपिअर घेतले, तर तिन्ही मिळून सुमारे २७० वॅट मिळतात. ८ अँपिअर घेतले, तर सावलीतल्या पॅनेलचे बायपास डायोड प्रवाहाला वळणवाट देतात आणि उरलेली दोन सुमारे ४८० वॅट देतात. म्हणजे व्होल्टतेनुसार काढलेल्या शक्तीच्या आलेखावर एकाऐवजी दोन शिखरे उभी राहतात.

शिखर, म्हणजे कमाल शक्तिबिंदू, शोधण्याची इन्व्हर्टरची नेहमीची पद्धत चाचपडत चढण्याची: व्होल्टता किंचित बदलायची, शक्ती वाढली तर त्याच दिशेला पुढे जायचे, घटली तर मागे फिरायचे. धुक्यात टेकडी चढणाऱ्याला माथा लागला की तो तिथेच थांबतो. पलीकडचा उंच कडा त्याला दिसत नाही. इन्व्हर्टर बहुधा वरच्या व्होल्टतेकडून खाली येतो, म्हणून या उदाहरणात त्याला धाकटे शिखर आधी भेटते आणि सुमारे २१० वॅट हातचे जातात. यावर उपाय म्हणून काही इन्व्हर्टर दर काही मिनिटांनी व्होल्टतेचा सारा पल्ला झरझर तपासून सर्वांत उंच शिखर धरतात. तपासणीपुरते थोडे उत्पादन बुडते. फांदी छाटता येत असेल, तर ती आधी छाटावी.