पार्य फरसबंदी
पार्य फरसबंदी : पृष्ठभागावर पडलेले पाणी सांध्यांतून, मोकळ्या ठेवलेल्या भागांतून किंवा खुद्द ठोकळ्याच्या छिद्रांतून खाली झिरपू देणारी फरसबंदी. हिच्यासाठी बहुधा एकमेकांत गुंतून बसणारे काँक्रीटचे पूर्वनिर्मित ठोकळे वापरतात. व्यवहारात ते ‘पेव्हर ब्लॉक’ किंवा ‘इंटरलॉकिंग ब्लॉक’ या नावांनी ओळखले जातात. मात्र असे ठोकळे बसविलेली प्रत्येक जागा पार्य असतेच असे नाही. भार पेलण्यासाठी ठोकळे घट्ट बसावे लागतात, तर पाणी मुरण्यासाठी त्यांच्यामध्ये वाट ठेवावी लागते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणजेच या फरसबंदीचा इतिहास होय.

पूर्वेतिहास : प्राचीन काळापासून फरसबंदीचा मुख्य हेतू रस्त्यातून पाणी दूर ठेवणे हा होता. इ. स. पू. ३१२ मध्ये रोमनांनी व्हिया ॲपिया हा मार्ग बांधण्यास आरंभ केला. पुढे या मार्गावर ज्वालामुखीजन्य काळ्या खडकाचे बहुकोनी चिरे एकमेकांना भिडवून बसविण्यात आले. त्याचा मध्यभाग किंचित उंच ठेवून पाणी बाजूच्या चरांकडे वळविलेले असे. कोकणातील पाखाड्या जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधीत. जांभा मुळात सच्छिद्र असल्याने आणि चुन्यावाचून बसविलेल्या चिऱ्यांचे सांधे मोकळे असल्याने तेथे काही पाणी मुरत असे. परंतु तो बांधणीचा हेतू नव्हता. ब्रिस्टल येथे १८१६ मध्ये रस्त्यांचा पर्यवेक्षक म्हणून नेमल्या गेलेल्या जॉन मॅकॲडम या स्कॉटिश अभियंत्याने हेच तत्त्व स्पष्टपणे मांडले. वाहनांचा भार अखेर जमीनच पेलते, म्हणून ती कोरडी राहिली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यानंतरची दीडशे वर्षे रस्तेबांधणीचे शास्त्र याच दिशेने विकसित होत गेले.

याच काळात पाणी मुरण्याचे गणितही तयार होत होते. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात वाळूच्या थरांवर प्रयोग करून पाण्याच्या झिरपण्याचा नियम १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. वाळूची पार्यता तिच्यातील बारीक कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे अमेरिकेतील ॲलन हेझन याने १८९२ मध्ये दाखविले. या नियमानुसार कणांचा व्यास निम्मा झाला की, पार्यता एकचतुर्थांश होते. मूळ उद्देश पाणी गाळण्याचा असला, तरी पार्य फरसबंदीचा अभिकल्प आणि तिचे बुजणे या दोहोंचे स्पष्टीकरण या नियमात सापडते.

गुंफणीचे ठोकळे : नेदर्लंड्समध्ये जमीन मऊ असल्याने रस्त्यांसाठी भाजलेल्या विटा वाळूच्या थरावर बसविण्याची प्रथा जुनी आहे. जमीन खचल्यास विटा उचलून, थर सारखा करून त्या पुन्हा बसविता येत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनर्बांधणीत विटा घरांसाठी लागू लागल्या, तेव्हा त्यांच्या जागी काँक्रीटचे आयताकृती ठोकळे आले. जर्मनीत फ्रिट्झ फोन लांग्सडोर्फ या अभियंत्याने १९६० नंतरच्या दशकात दातेरी कडांचा ठोकळा प्रचारात आणला. या ठोकळ्यांच्या कडा शेजारच्या ठोकळ्यांत अडकत असल्याने चाकाचा रेटा अनेक ठोकळ्यांत विभागला जाई. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे झालेल्या संशोधनाने या फरसबंदीस शास्त्रीय पाया मिळाला आणि १९८० मध्ये न्यूकॅसल अपॉन टाइन येथे या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

ठोकळ्याच्या आकाराइतकेच महत्त्व सांध्यात भरलेल्या द्रव्याला असते, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. सांध्यातील वाळू एका ठोकळ्यावरील भार शेजारच्या ठोकळ्याकडे पोहोचविते. माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी ठोकळ्यांचे सरकणे रोखते. कडेची पक्की बंदिस्ती संपूर्ण फरसबंदीस आवळून धरते. मात्र नेहमीचा सांधा केवळ २ ते ४ मिमी. रुंद असतो व बारीक वाळूने भरलेला असतो. त्यात लवकरच धूळ साचते आणि पृष्ठभाग जवळजवळ अपार्य होतो.

पार्यतेकडे वळण : शहरांतील उघडी जमीन झाकली गेल्याने पावसाचे पाणी एकाच वेळी गटारांकडे धावू लागले, भूमिजलाचे भरण घटले आणि पूर वाढले. जर्मनीत श्टुटगार्टजवळ १९६१ च्या सुमारास गवत उगवू देणारे जाळीदार काँक्रीटचे ठोकळे वाहनतळासाठी वापरण्यात आले. फिलाडेल्फिया येथील फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटने १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सच्छिद्र डांबरी फरसबंदीचा अभ्यास केला. इंग्लंडमध्ये नॉटिंगॅम येथे १९८० नंतरच्या दशकात वाहनतळाचे चार भाग करून प्रत्येकाखाली वेगळ्या प्रकारची खडी घालण्यात आली. पार्य फरसबंदीतून पाणी कमी व सावकाश बाहेर पडते, असे त्या निरीक्षणांतून दिसून आले. मॅकॲडमच्या तत्त्वाची ही उलटापालट होती : जे पाणी रस्त्याखाली शिरू नये म्हणून खटाटोप केला जाई, तेच आता तेथे साठविले जाऊ लागले.

अभिकल्प : पार्यता तीन प्रकारे साधतात. पहिल्या प्रकारात ठोकळा घट्ट व मजबूत असतो, परंतु त्याच्या कडांवरील उंचवट्यांमुळे सांधा सुमारे ६ ते १३ मिमी. रुंद राहतो आणि त्यात वाळूऐवजी बारीक खडी भरतात. दुसऱ्या प्रकारात ठोकळ्यांच्या कोपऱ्यांशी किंवा मध्ये मोकळे गाळे ठेवतात. तिसऱ्या प्रकारात बारीक कण वगळून केलेल्या सच्छिद्र काँक्रीटचाच ठोकळा बनवितात. या तिसऱ्या प्रकारात पार्यतेचे मोल बळाने चुकवावे लागते. जपानी मानकात सामान्य ठोकळ्यास चौ. मिमी.ला ५ न्यूटन नमनबल आवश्यक धरले आहे, तर पार्य ठोकळ्यास ३ न्यूटन पुरेसे मानले आहे. त्यामुळे असे ठोकळे पादचारी मार्ग व हलकी वाहतूक यांना अधिक योग्य ठरतात.

पृष्ठभागाखालील थरांची पार्यता वरून खाली वाढत जावी लागते; अन्यथा पाणी मध्येच तुंबते. मात्र लगतच्या थरांतील कणांच्या आकारांत फार तफावत असल्यास वरची बारीक खडी खालच्या पोकळ्यांत ओघळते व ठोकळे खचतात. कार्ल टेर्झागी याने धरणांसाठी मांडलेला गाळणी थरांचा नियम येथे उपयोगी पडतो. तळथरातील एकाच मापाच्या खडीत सुमारे एकतृतीयांश पोकळी असते. म्हणून ३०० मिमी. जाडीचा तळथर सुमारे १०० मिमी. पाऊस साठवू शकतो. २००९ च्या ब्रिटिश मानकात अवमृदेनुसार तीन प्रकार सांगितले आहेत : सर्व पाणी जमिनीत मुरविणारा, काही मुरवून उरलेले नळाने बाहेर काढणारा, आणि अपार्य पटल घालून सर्व पाणी केवळ साठवून सावकाश सोडणारा. एकाच आवारातही पार्यता जागेनुसार बदलावी लागते. इमारतीच्या पायालगत व जड वाहनांच्या वाटेवर ती कमी, तर वाहनतळावर आणि झाडांभोवती अधिक ठेवतात.

बुजणे व देखभाल : नव्या पार्य फरसबंदीतून तासाला हजारो मिलिमीटर पाणी मुरू शकते. पुढे धूळ, टायरांची झीज व पालापाचोळा सांध्यांच्या वरच्या काही सेंमी.मध्ये साचून हा वेग अनेकदा दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून अभिकल्प नव्या फरसबंदीच्या वेगावर न करता तिच्या उतारवयातील वेगावर करतात. जर्मन मार्गदर्शक सूचनांत सेकंदाला हेक्टरी २७० लिटर, म्हणजे तासाला सुमारे ९७ मिमी. पाऊस मुरला पाहिजे, असे गृहीत धरले आहे. शोषण यंत्राने सांधे साफ करून वरची खडी बदलल्यास गेलेली पार्यता बऱ्याच अंशी परत मिळते. अशी देखभाल न केल्यास पार्य फरसबंदी केवळ नावाची उरते.

भारतातील स्थिती : भारतीय रस्ते काँग्रेसने २००४ मध्ये गुंफणीच्या ठोकळ्यांच्या फरसबंदीविषयी मार्गदर्शक सूचना आणि भारतीय मानक ब्यूरोने २००६ मध्ये अशा ठोकळ्यांचे मानक प्रसिद्ध केले. त्यानंतर पदपथ, गृहसंस्थांची आवारे व बाजारपेठा यांत हे ठोकळे सर्वत्र दिसू लागले. परंतु अनेक ठिकाणी ते काँक्रीटच्या थरावर, अरुंद सांध्यांनी, कधी सांधे सिमेंटने भरून बसविले जातात. अशा फरसबंदीतून पाणी मुरत नाही आणि झाडांच्या मुळांना हवाही मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांभोवतालचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्यामागे हेच कारण होते.

महाराष्ट्रात जमिनीचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. कोकणातील जांभ्याच्या जमिनीत पाणी सहज मुरते. याउलट दख्खनच्या काळ्या मातीत पाणी शिरताच ती फुगते व वाळताना भेगाळते. तेथे अपार्य पटल व निचरा नळ यांवाचून पार्य फरसबंदी करणे धोक्याचे आहे. मुंबईच्या भराव टाकलेल्या सखल भागांत भूमिजल पातळी उंच असल्याने मुरण्यास वाव थोडा असतो. या शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिमी. पावसासाठी आखलेल्या होत्या. सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, वर सांगितलेल्या तळथराच्या साठवणीच्या तो नऊ पटींहून अधिक होतो. अशा अतिवृष्टीवर पार्य फरसबंदी हा उपाय नव्हे. नेहमीच्या पावसाचा पहिला लोंढा अडविणे, वाहिन्यांवरील ताण कमी करणे आणि जमिनीला तिचे पाणी परत देणे, एवढेच तिचे कार्य आहे. पण सांधे मोकळे राहिले, तरच ते पार पडते.