ज्यांनी बांधले, ज्यांनी राखले

केरळातील कोची बंदराच्या मुखाशी चिनी पद्धतीची मोठमोठी मासेमारीची जाळी पाण्यात उतरतात आणि वर येतात. तेथून थोड्याच अंतरावर, जुन्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीत, संत फ्रान्सिस चर्च उभे आहे. त्याला ना उंच मनोरा, ना सोन्याचा मुलामा. कौलारू उतरते छप्पर, दर्शनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले दोन छोटे कळस, कमानदार दार आणि कमानदार खिडक्या, एवढेच त्याचे वैभव. आत शिरणारा कॅथोलिक भाविक सवयीने पवित्र पाण्याचे भांडे शोधतो, परमपवित्र साक्रामेंतासमोर तेवणारा तांबडा दिवा शोधतो आणि क्षणभर गोंधळतो. दिवा तेथे नाही. डोक्यावर लाकडी तुळया आणि एके काळी दोरीने ओढले जाणारे लांबलचक कापडी पंखे दिसतात, भिंतींवर मृतांच्या शिळा दिसतात.

हे चर्च आपल्या फ्रान्सिस्कन व्रतस्थांनी बांधले असे वाटाड्याने सांगितले, की आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: “मग ते त्यांच्याकडे कसे गेले?” प्रश्नात थोडी हळहळ असते, थोडा हक्कही असतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. परंतु तो इतिहास अखेरपर्यंत वाचला, तर प्रश्नच बदलतो, असा माझा अनुभव आहे.

पेद्रो आल्वारिश काब्राल याची गलबते १५०० च्या डिसेंबरात कोचीला लागली. त्याच्याबरोबर फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. कोचीच्या राजाचे कालिकतच्या सामुतिरीशी वैर होते. त्याला मित्र हवा होता, पोर्तुगीजांना मिरी हवी होती. या गरजांच्या मेळातून १५०३ साली राजाने किल्ला बांधण्यास परवानगी दिली आणि किल्ल्याबरोबर लाकडाचे एक साधे प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे चिरा-विटांचे बांधकाम करण्याची मुभा मिळाली. फ्रान्सिस्कनांनी उभारलेले हे पक्के चर्च १५१६ साली पूर्ण झाले व पादुआच्या संत अंतोनीला अर्पण करण्यात आले, असे परंपरा सांगते. युरोपियनांनी भारतात बांधलेल्या सर्वांत जुन्या चर्चमध्ये त्याची गणना होते.

१५२४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला वास्को द गामा कोची येथे निवर्तला व याच चर्चमध्ये त्याचे दफन झाले. चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. आज दक्षिणेच्या बाजूला कठडा घातलेली जी शिळा पाहण्यासाठी गर्दी होते, तिच्याखाली कोणी नाही. हाच वास्को द गामा १५०२ साली मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज स्त्री-पुरुषांसह जाळणारा होता, हेही आपण विसरता कामा नये. ज्या गलबतांतून मिरीचे व्यापारी आले, त्यांतूनच तोफा आल्या आणि क्रूसही आला. त्या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करणे त्या काळच्या लोकांना जमले नाही. ते काम इतिहासाने आपल्यावर सोपवले आहे.

संत फ्रान्सिस झेवियर कोचीला अनेकदा आले. युरोपातील आपल्या बांधवांना त्यांनी येथून पत्रे लिहिली. १५५७ साली कोची हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि तेथील सांताक्रूझ चर्चला कथीड्रलचा मान मिळाला. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, की येथील कॅथोलिक धर्माचा पाया आता हलणार नाही. परंतु संत थोमाच्या परंपरेतील केरळचे प्राचीन ख्रिस्ती लोक पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या हुकमतीने दुखावले गेले होते. त्यांची जुनी सीरियन उपासना, त्यांच्या रूढी, त्यांचे नेतृत्व यांना बाजूला सारण्यात येत होते. ३ जानेवारी १६५३ रोजी, या चर्चपासून फार दूर नसलेल्या मट्टानचेरी येथे, त्यांनी क्रूसासमोर शपथ घेतली आणि येशूसंघीयांचा अधिकार झुगारून दिला. ‘वाकडा क्रूस’ या नावाने ही शपथ प्रसिद्ध आहे. त्यांतील पुष्कळजण पुढे कॅथोलिक ऐक्यात परत आले, पण पडलेली फूट सांधली गेली नाही. भिंती आपल्या ताब्यात होत्या, माणसे मात्र दुरावली होती. चर्च शत्रूच्या हाती जाण्यापूर्वी दहा वर्षे आधी हे घडले.

१६६३ च्या जानेवारीत डचांनी, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतील वलंदेजांनी, कोची जिंकले. ते प्रॉटेस्टंट, कॅल्विनच्या शिकवणीचे. युरोपियन कॅथोलिक धर्मगुरूंना शहर सोडावे लागले, नगरातील कॅथोलिक चर्चे पाडली गेली. सांताक्रूझ कथीड्रलची वखार झाली. फ्रान्सिस्कनांचे हे चर्च तेवढे डचांनी आपल्या उपासनेसाठी ठेवून घेतले. मूर्ती आणि वेद्या गेल्या, त्या जागी प्रवचनाचे व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचे मेज आले. आपल्या दृष्टीने ही लूटच होती आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. तरीही त्याच लुटीमुळे हे चर्च वाचले. वखार झालेले कथीड्रल पुढे इंग्रजांच्या काळात जमीनदोस्त झाले आणि ज्या छपराखाली प्रार्थना चालू राहिली, ते टिकले. १७७९ साली डचांनी त्याची दुरुस्ती केली.

त्या डच काळातील एक प्रसंग मला विशेष मोलाचा वाटतो. मलबारचा डच सेनाधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने या प्रदेशातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ हा तो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या कामात संत योसेफाचे मॅथ्यू या इटालियन कार्मेलाईट कॅथोलिक धर्मगुरूंनी हातभार लावला. पहिल्या खंडांचा लॅटिन मजकूर तयार करण्यात कोचीच्या डच मंडळीचा पाळक योहान्नेस कासेआरियुस याचा मोठा वाटा होता. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आपले परंपरागत ज्ञान दिले. आणि रंग भट, विनायक पंडित व आपु भट या तिघा वैद्यांनी १६७५ साली दिलेली साक्ष त्या ग्रंथात छापली आहे, ती कोकणी भाषेत, नागरी लिपीत! हे तिघे त्या कोकणी ब्राह्मण समाजाचे, ज्यातील अनेक घराण्यांनी पोर्तुगीजांच्या धार्मिक सक्तीमुळे गोवा सोडून कोचीचा आश्रय घेतला होता. आमच्या सत्तेने ज्यांना घराबाहेर काढले त्यांचा समाज, प्रॉटेस्टंटांनी ज्यांच्या बांधवांना नगराबाहेर घालवले ते कॅथोलिक धर्मगुरू आणि घालवणाऱ्यांचा स्वतःचा पाळक, असे सारे झाडापानांच्या अभ्यासासाठी एकत्र आले. प्रार्थनेसाठी एकत्र येण्यास मात्र आपल्याला आणखी तीन शतके लागली.

१७९५ साली इंग्रजांनी कोची घेतले. तथापि चर्च काही काळ डच मंडळीकडेच राहिले. १७५१ ते १८०४ या काळातील डचांची बाप्तिस्मा व विवाहांची नोंदवही ‘डूप बुक’ म्हणून ओळखली जाते. ‘डूप’ म्हणजे डच भाषेत बाप्तिस्मा. धर्मग्रामाच्या नोंदवह्या वर्षानुवर्षे हाताळलेल्या माझ्यासारख्याला अशा वहीचे मोल सांगावे लागत नाही. राज्ये बदलली, पण बाळ जन्मले की त्याच्या मस्तकावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी ओतले जात होते. पोर्तुगीज धर्मगुरू ज्या शब्दांनी बाप्तिस्मा देत, तेच हे शब्द.

१८०४ साली डचांनी हे चर्च स्वखुशीने अँग्लिकन मंडळीच्या स्वाधीन केले. आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५३४ साली, इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून वेगळी झाली. ती अँग्लिकन परंपरा डचांच्या साध्या उपासनेपेक्षा आपल्या काहीशी जवळची आहे: बिशप आहेत, ठरलेली उपासनाविधी आहे, संतांच्या नावाने चर्चे आहेत. कोचीच्या या चर्चला संत फ्रान्सिसचे नाव अँग्लिकन काळातच मिळाले असे मानतात. प्रॉटेस्टंटांच्या दीडशे वर्षांच्या वास्तव्यानंतर या वास्तूला पुन्हा संताचे नाव मिळावे आणि तेही तिच्या मूळ संस्थापकांच्या परंपरेची आठवण करून देणारे असावे, ही गोष्ट लहान नव्हे.

अँग्लिकनांनी आणखी एक काम केले. १८८६-८७ च्या दुरुस्तीत जमिनीत बसवलेल्या जुन्या समाधिशिळा उचलून भिंतींत बसवण्यात आल्या. उत्तरेच्या भिंतीला पोर्तुगीजांच्या शिळा, दक्षिणेच्या भिंतीला डचांच्या. ज्यांनी एकमेकांशी युद्ध केले, ते मृत होऊन समोरासमोर उभे राहिले आणि मधल्या जागेत तिसरेच लोक, तिसऱ्याच भाषेत, त्याच प्रभूची प्रार्थना करू लागले. नवीन मालकाने जुन्या मालकांची नावे पुसली नाहीत. पायदळी झिजून जाणारी ती अक्षरे भिंतीवर गेल्याने वाचली. १९२० साली पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कोचीकरांचे स्मारक चर्चच्या आवारात उभारले गेले आणि १९२३ साली ही वास्तू संरक्षित स्मारक ठरली.

येथे मला आपल्या वसईच्या किल्ल्याची आठवण येते. तेथेही फ्रान्सिस्कनांचे चर्च आहे. तेही संत अंतोनीच्या नावाचे. त्याच्याही जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांच्या समाधिशिळा आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज निघून गेले. त्यानंतर त्या मंदिराला वारस उरला नाही. आज त्याला छप्पर नाही, शिळांवर पाऊस पडतो. कोणी येऊन ते बळकावले नाही, हे खरे. पण कोणी ते राखलेही नाही. कोचीचे मंदिर आपल्या हातून गेले म्हणून हळहळणाऱ्याने दोन्ही ठिकाणी थोडा वेळ उभे राहून पाहावे.

कोचीच्या कॅथोलिकांची कथा तेथेच संपली नाही. १८८६ साली कोची धर्मप्रांत पुन्हा स्थापन झाला. जुन्या जागेपासून जवळच नवे सांताक्रूझ कथीड्रल उभे राहिले. १९ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले, ते दमणचे बिशप सेबास्तियांव जुझे परैरा यांच्या हस्ते. वसई परिसरातील धर्मग्राम तेव्हा दमण धर्मप्रांतातच होते, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या बिशपांनी ते मंदिर प्रभूला अर्पण केले. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला बॅसिलिकाचा दर्जा दिला. पाडलेल्या जुन्या कथीड्रलचा एक दगडी खांब त्या आवारात जपून ठेवला आहे.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, मद्रासला अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाली. संत फ्रान्सिस चर्च त्यांच्याकडे आले आणि रविवारी तेथे उपासना चालू आहे. साहेबांचे चर्च भारतीयांचे झाले. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. फुटीचा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांकडे जातो, हे त्यात आपल्या ख्रिस्तसभेने मोकळेपणाने मान्य केले आणि विधिपूर्वक बाप्तिस्मा झालेल्या विभक्त बांधवांना ‘प्रभूमधील बंधू’ म्हटले.

म्हणून आता तेथे गेलो, की “ते त्यांच्याकडे कसे गेले?” हा प्रश्न मी विचारीत नाही. फ्रान्सिस्कनांनी बांधले, डचांनी घेतले पण वापरते ठेवले, अँग्लिकनांनी नावे जपली, भारतीय ख्रिस्ती बांधवांनी प्रार्थना चालू ठेवली. आपण बांधलेले दुसऱ्याने राखले, तर त्याचे आभार मानण्याइतके आपले मन मोठे आहे काय, हा खरा प्रश्न आहे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्तैक्य सप्ताहात आपण ऐक्यासाठी प्रार्थना करतो. वाकड्या क्रूसाची शपथ आणि डचांचा विजय, या दोन्ही घटना जानेवारीतल्याच. त्या सप्ताहात आपल्या शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या दारात एकदा तरी जावे. पवित्र पाण्याचे भांडे तेथे सापडणार नाही. पण प्रार्थनेसाठी गुडघे टेकायला जागा नक्कीच मिळेल.