सातारा-सांगली परिसर : सन १८८०

मराठी सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात १८८० हे वर्ष फारसे लक्षात ठेवले जात नाही. त्याच्या मागे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आहे आणि पुढे 'केसरी'चा जन्म आहे. या दोहोंच्या मध्ये ते झाकोळून जाते. मात्र सातारा आणि सांगली परिसराच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरते. दरबारच्या आश्रयावर जगणारी कला आणि कसरत याच वर्षी तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाकडे वळू लागली.

त्या काळातील नकाशा आजच्यापेक्षा निराळा होता. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते आणि तेथे इंग्रजांचा जिल्हा होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्याच जिल्ह्यात मोडत. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी येथे मात्र पटवर्धन घराण्याच्या शाखा राज्य करीत होत्या. सांगलीच्या गादीवर धुंडिराज चिंतामणराव ऊर्फ तात्यासाहेब होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पुणे-मिरज रेल्वे अद्याप सुरू झाली नव्हती. घाटरस्त्यांवर बैलगाडी, टांगा आणि घोडा हीच वाहने होती.

कायद्यांची चौकट

१८७८ च्या दोन कायद्यांनी या काळाला आकार दिला. शस्त्रास्त्रांच्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास बंदी केली, तर देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने मराठी पत्रांवर अंकुश बसविला. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेची शिक्षा होऊन जानेवारी १८८० मध्ये त्यांची एडनला रवानगी झाली. सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी करण्यात आलेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला होता. त्याच्या प्रत्यक्ष अंमलाचे हे पहिलेच पूर्ण वर्ष होते. कर्जाच्या दाव्यात केवळ दस्तऐवजावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

जूनमध्ये लॉर्ड लिटन जाऊन लॉर्ड रिपन व्हाइसरॉय झाले. २७ जुलै रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या आणि सातारा हा तर या लष्कराच्या भरतीचा जुना मुलूख होता.

छत्रे यांची सर्कस

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. गाण्याच्या आणि अश्वविद्येच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले. तेथे त्यांना हद्दू खाँ यांच्याकडून गायनाची तालीम मिळाली. पुढे कुरुंदवाडकर संस्थानिकांच्या पागेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. १८७९ मध्ये चियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत झाले. असे तोलामोलाचे खेळ हिंदी माणसाला उभारता येणार नाहीत, असे चियारिनीने बोलून दाखविले आणि छत्रे यांनी ते आव्हान स्वीकारले, अशी कथा सांगितली जाते. कथेतील तपशील निरनिराळे आढळतात. पण त्याचे फळ निर्विवाद आहे. २० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडकरांच्या उपस्थितीत, निवडक प्रेक्षकांसमोर छत्रे यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला. भारतीय माणसाने उभारलेली ही पहिली आधुनिक सर्कस मानली जाते.

हे कसब एकाएकी जन्मले नव्हते. संस्थानांच्या पागा, तालमी, मल्लखांब आणि जत्रांतील कुस्त्यांचे फड यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले होते. लढाया संपल्या, तशी घोडदौडीची उपयुक्तता मिरवणुकीपुरती उरली. छत्रे यांनी तिला रिंगणात आणले आणि पोशिंद्याच्या जागी तिकीट घेणारा प्रेक्षक बसविला.

नाटक आणि शाळा

असाच बदल रंगभूमीवर घडत होता. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, ते चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. किर्लोस्करांना पारशी मंडळीच्या संगीत खेळावरून ही कल्पना सुचली, छत्र्यांना इटालियन सर्कशीवरून. दोघांनीही परक्याचा खेळ पाहिला आणि आपल्या मातीतील साहित्य घेऊन स्वतःचा उभा केला. किर्लोस्करांच्या परंपरेतूनच पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे गो. ब. देवल नाटककार म्हणून नावारूपाला आले.

जानेवारी १८८० मध्येच पुण्यात चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. सातारा जिल्ह्यातील टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर तेव्हा अजून शिकत होते. ते पुढच्या वर्षी या मंडळींत सामील झाले आणि 'केसरी'चे पहिले संपादक झाले. शाळेची फी, नाटकाचे तिकीट, पत्राची वर्गणी यांची कामे वेगळी. पण तिन्हींचा आधार सरकार वा दरबार नसून सामान्य माणसाच्या खिशातील पैसा हाच होता.

साहेबांचा खेळ

त्याच सप्टेंबरात लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी १५२ धावा केल्या आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरविले. मुंबईत पारशी मंडळी क्रिकेट खेळत होती. १८८६ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला गेला. सातारा जिल्ह्यात मात्र इंग्रजांचे खेळ आणि करमणूक महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणी, त्यांच्या आपापसांतच चालत. तिथला क्लब १८८१ चा. कृष्णाकाठच्या तरुणाचे मैदान तालमीच्या लाल मातीतच होते.

पुढील वाटचाल

छत्रे यांच्या सर्कशीने देश-परदेशात दौरे केले. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ यांना छत्रे यांनी आधार दिला. सर्कशीबरोबर त्यांचे गाणेही गावोगाव पोचले. ते १९२२ मध्ये कुरुंदवाडला निवर्तले. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर त्यांचा ठसा उमटला. केरळात तेल्लिचेरीच्या केलेरी कुन्हिकण्णन यांनी छत्रे यांच्या संपर्कातून प्रेरणा घेऊन सर्कशीचे शिक्षण सुरू केले. म्हैसाळचे देवल, तासगावचे परशुराम माळी यांच्या सर्कशींनी हा परिसर सर्कसवाल्यांचा म्हणून गाजविला.

वन्य प्राण्यांच्या खेळांवरील बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली आणि सर्कशीचे जुने स्वरूप ओसरले. सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणून गौरविले जाते. सर्कशीच्या बाबतीत तेवढी आठवण या परिसराने जपलेली नाही.