व्हीएलॅनचा टॅग मुळात कशासाठी होता?

स्विचवर व्हीएलॅन करताना आपण काय करतो? काही पोर्ट १० मध्ये टाकतो, काही २० मध्ये आणि दोन स्विचमधला दुवा ट्रंक करतो. झालं, ऑफिस वेगळं, लॅब वेगळी. मग प्रपोजलमध्ये बिनधास्त लिहितो, ‘व्हीएलॅनचा शोध सुरक्षेसाठी लागला.’ मीही लिहिलं होतं. मूळ पेपर वाचल्यावर वाक्य खोडावं लागलं.

इथरनेटच्या जाळ्यात वर्तुळ झालं की ब्रॉडकास्ट फिरतच राहतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री मांडून यावर उपाय काढला: जादाचे दुवे बंद, उरतं ते एकच झाड. पण याची किंमत आहे. केळापूर तालुक्याचा नकाशा आठवा. करंजीहून मारेगावला सरळ रस्ता आहे. समजा, वर्तुळ नको म्हणून तो बंद केला आणि सगळ्यांना पांढरकवड्यावरूनच जायला लावलं. रस्ता असून वापरायचा नाही, आणि पांढरकवड्याच्या चौकात ही गर्दी!

बेलकोरमधल्या डेव्हिड सिंकोस्की आणि चेस कॉटन यांना हीच गर्दी खुपत होती. जानेवारी १९८८ च्या ‘आयट्रिपलई नेटवर्क’मधल्या पेपरात त्यांनी एकाऐवजी अनेक झाडं सुचवली. कुठली फ्रेम कुठल्या झाडावरून जाणार, हे कळायला फ्रेमवरच खूण हवी. रंग म्हणा हवं तर. टॅगची कल्पना इथली. म्हणजे प्रश्न भिंतींचा नव्हता, गर्दीचा होता.

पुढे कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या. सिस्कोची आयएसएल तर प्रत्येक फ्रेमला ३० बाइट जोडायची. १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे मानक आलं. त्यात टॅग ४ बाइटचा, पैकी १२ बिट व्हीएलॅनच्या क्रमांकाला. ४०९६ पैकी ० आणि ४०९५ राखीव, म्हणून आपल्याला ४०९४.

आणि गंमत बघा, या मानकात टॅग राहिला, पण सगळ्या व्हीएलॅनना झाड मात्र एकच! ज्यासाठी खूण सुचली, तेच गळालं. अनेक झाडं मानकात आली ती २००२ च्या ८०२.१एस मध्ये.

पडताळायचं असेल तर व्हीएलॅननिहाय झाड चालवणारे तीन स्विच त्रिकोणात जोडा. १० चा रूट एक स्विच, २० चा दुसरा. बंद पडलेला दुवा दोन्हींसाठी वेगळा दिसेल.